हरेल त्यानं चहा करायचा

तिनं पांढऱ्या कागदाचा चौथा कोपरा भिंतीला चिकटवला, दोन पावलं मागे सरून तो सरळ बसलाय का ते पाहिलं आणि खिडकीचे पडदे ओढून घेतले. भरदुपारी खोलीत अंधार झाला. मग टेबलावरचा दिवा लावून तिनं त्याची मान कागदाकडे वळवली आणि दिवा तापेपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली. हा दिवा सुरुवातीची काही मिनिटं आपला उजेड बदलत राहतो, आणि आज तिला कुणालाच, अगदी दिव्यालासुद्धा, लबाडी करू द्यायची नव्हती.

टेबलावर दोन लेन्स शेजारीशेजारी उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या, कोपरापासून मनगटापर्यंत भरतील एवढ्या लांब. दूरचा चेहरा हाताच्या अंतरावर आणणाऱ्या जुन्या टेलिफोटो. कधीकाळी एका वर्तमानपत्राची कचेरी बंद पडली तेव्हा दोन भावांनी त्या एकाच दिवशी तिथून घरी आणल्या होत्या. एक थोरल्यानं ठेवून घेतली, एक धाकट्यानं. थोरला म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. धाकटा म्हणजे तिचे दीर, भाऊजी. नवऱ्याच्या माघारी गॅसच्या सिलिंडरपासून लेकीच्या लग्नापर्यंत तिच्या पाठीशी उभा राहिलेला एकुलता एक माणूस. आणि तिचा संशय नेमका त्यांच्यावर होता.

संशय काही हवेतून आला नव्हता. पावसाळ्याआधी नवऱ्याच्या लेन्सची फोकसची रिंग जड फिरायला लागली. भाऊजी निवृत्त छायाचित्रकार. हाताला चैन नाही म्हणून जुन्या लेन्स उघडून साफ करत बसायचे. त्यांनी रिंग फिरवून पाहिली आणि म्हणाले, "आतलं ग्रीस वाळलंय वहिनी. द्या माझ्याकडे, आठ दिवसांत देतो." आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. फोन केला की, "होतंय, होतंय," एवढंच. एकदा तिनं विचारलं, "काही मोडलं तर नाही ना?" तर पलीकडे बराच वेळ नुसती शांतता, आणि मग, "नाही हो. तुम्ही काळजी नका करू." भाऊजी खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात, असं तिचा नवरा नेहमी सांगायचा. पण फोनवर कुणाचे कान दिसतात?

लेन्स परत आली ती अगदी जशीच्या तशी. तोच चामड्याचा डबा, नळीवरचा तोच पोचा, रिंगेवर नवऱ्यानं पांढऱ्या रंगानं मारलेली तीच रेघ. रिंग आता लोण्यात सुरी फिरावी तशी फिरत होती. "बघा आता," भाऊजी म्हणाले, "नवी कोरी वाटेल." तिला तेव्हा बरं वाटलं होतं. खोड निघाली ती नाट्यगृहात.

ती नाटकांचे फोटो काढायची. नवऱ्याचंच काम ते, त्याच्यामागे तिनं चालवलेलं. शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराजवळ ट्रायपॉड लावून ती तालमीचे आणि प्रयोगांचे फोटो घ्यायची. स्टेजचा उजेड तिला पाठ होता आणि त्या लेन्सची सवय त्याहून पाठ. "हिला एक क्लिक जास्त द्यायचा," हे नवऱ्यानं तिला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. म्हणजे इतर लेन्सना जेवढा उजेड पुरतो त्याहून शटर एक घर सावकाश. ही लेन्स जराशी अंधारी होती, उजेड कमी आत सोडायची. बोटं ते घर आपोआप फिरवायची, जशी भातात मीठ टाकताना कुणी मोजत नाही.

त्या दिवशी रंगीत तालमीचा पहिलाच फोटो तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला आणि नायिकेचं कपाळ पांढरंफट्ट दिसलं. मैद्याच्या पिशवीत तोंड घातल्यासारखं.

"लाइट वाढवलास का रे?" तिनं मागच्या काचेच्या खोलीकडे वळून विचारलं.

"नाही ताई," प्रकाशयोजना करणारा म्हणाला. "काल होता तोच आहे."

तिनं एक क्लिक मागे घेतला. कपाळ जागेवर आलं. पण फरक नुसता उजेडाचा नव्हता. त्या लेन्सनं काढलेल्या चेहऱ्यांवर नेहमी एक ऊब असायची, सायंकाळी घरात दिवा लागल्यावर माणसं दिसतात तशी. तिच्याकडे लोक यायचे ते त्यासाठी. आता चेहरे स्वच्छ होते, रेखीव होते आणि परके होते. तालीम संपल्यावर दिग्दर्शिका, तिशीचीही नसेल, फोटो बघताबघता थांबली आणि संकोचून म्हणाली,

"छान आहेत ताई. पण ते तुमचं... ते नाही आलंय."

"ते म्हणजे?"

"ते हो, आमच्या सगळ्यांना हवं असतं ते. मी मागे तुमच्या दिरांनाही विचारलं होतं, की ही लेन्स असते तरी कसली. ते नुसते हसले."

घरी येईपर्यंत ते हसणं तिच्या मनात वाढत गेलं. हिनं भाऊजींना लेन्सबद्दल विचारलं होतं, कधी? लेन्स त्यांच्याकडे जायच्या आधी की नंतर? नळी तीच, पोचा तोच, नळीवर कोरलेला कंपनीचा आकडा तोच. पण नळी उघडून आतल्या काचा बदलायला असा कितीसा वेळ लागतो? त्यांच्याकडे तर तश्शाच नळीची दुसरी लेन्स होती. आपल्या काचा हिच्यात, हिच्या काचा आपल्यात. बाहेरून देवालाही कळलं नसतं. "ही काचच वेगळी आहे, जुन्या भट्टीची," असं नवरा ऐटीत सांगायचा, तेव्हा भाऊजी शेजारीच बसलेले असायचे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिनं लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या गावी होती, आणि काकांवर तिचा वडिलांइतकाच जीव.

"काका?" लेक म्हणाली. "आई, शुद्धीवर आहेस ना?"

"मी काही म्हणत नाहीये. फक्त सांगतेय."

"पुसली असेल त्यांनी नीट. तू चष्मा पुसल्यावर जग बदलतं की नाही?"

"पुसून काचेचा रंग जातो का गं?"

"मग विचार ना त्यांना सरळ."

सरळ विचारण्यासारखी गोष्ट असती तर संशय कशाला म्हणायचा. ती चार दिवस घरात घुसमटत राहिली. पाचव्या दिवशी भाऊजींनी सहज म्हणून एक फोटो पाठवला: तिची जाऊ खिडकीशी उभी, हातात सुईदोरा, आणि चेहरा सोन्यासारखा. तिनं तो फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. हीच ती ऊब. तिच्या घरातली, तिच्या माणसाची, जावेच्या गालावर जाऊन बसलेली. तिला त्या क्षणी भाऊजींचा असा राग आला की तिनं फोन उशीखाली ढकलून दिला. माणूस गेल्यावर माणसाची म्हणून एक वस्तू तिच्या हातात उरली होती, तिच्यावरही यांचा डोळा असावा?

पण फोटोतल्या रंगावर विसंबून चालत नाही. कॅमेरा रंगाच्या बाबतीत लबाड असतो, संध्याकाळच्या उन्हातही तो सोनं विकतो. उजेड मात्र मोजता येतो. आणि तो कसा मोजायचा हे तिला या घरानंच शिकवलं होतं.

हा दोघा भावांचा जुना खेळ. वर्षातून एकदा, सुटीचा दिवस बघून, भाऊजी आपली लेन्स घेऊन यायचे. भिंतीवर कागद, समोर एकच दिवा, एकच कॅमेरा. आळीपाळीनं दोन्ही लेन्स लावायच्या आणि कुणाची काच किती उजेड आत सोडते ते बघायचं. हरेल त्यानं चहा करायचा. तिचा नवरा दरवर्षी हरायचा, ठरल्यासारखा एका क्लिकनं, आणि मग एका हातात सिगारेट, दुसऱ्या हातात गाळणं अशा थाटात स्वयंपाकघरात शिरायचा. त्याचा चहा म्हणजे पाकच; चमचे मोजायची त्याला सवय नव्हती. "माझी काच हरत नाही," तो आतून ओरडायचा, "ती उजेड गाळून घेते, चहासारखा!" भाऊजी बाहेर हसून हसून बेजार व्हायचे.

आता तोच खेळ ती एकटी मांडणार होती. भाऊजींना तिनं फोन केला, की पुढच्या प्रयोगाला दोन कॅमेरे लावायचेत, तुमची लेन्स दोन दिवस मिळेल का. "न्या की," ते म्हणाले आणि त्याच संध्याकाळी स्वतः आणून दिली. ही तत्परताही तिला खटकली. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं तर ज्यानं खाल्लं तो खुशाल हसत, चपला काढून, पाणी पिऊन गेला होता. की खाल्लंच नव्हतं? हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो दारातूनच परत पाठवला.

दिवा तापला. तिनं आधी भाऊजींची लेन्स कॅमेऱ्याला लावली. दोन्ही लेन्सचं फोकस अनंतावर ठेवायचं, कारण जवळचं बघताना नळी लांबते आणि उजेड घटतो. कागद धूसर दिसला तरी चालतो. इथं अक्षर वाचायचं नव्हतं. दोन्हींचं तोंड सारखंच उघडं. शटर सावकाश. खरं तर भिंत पांढरीच होती, पण तिला तेलरंगाची चकाकी होती, म्हणून कागद. नवरा गेल्यावर दोन महिन्यांत तिनं सगळं घर रंगवून घेतलं होतं, पडदे बदलले होते, उश्या टाकून दिल्या होत्या. माणूस जाऊन उणेपुरे साठ दिवस नाहीत आणि हिला सजावट सुचते, असं तेव्हा बोललंही गेलं होतं.

तिचा हिशेब सरळ होता. भाऊजींची लेन्स पूर्वी जास्त उजेड द्यायची. आज तिनं कमी दिला तर काचा बदलल्या. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी.

तिनं भाऊजींच्या लेन्सनं एक फोटो घेतला, मग आपल्या लेन्सनं, मग दोन्ही कम्प्युटरवर शेजारीशेजारी उघडून कागदाच्या मध्यावर बाण नेला. कोपऱ्यात उजेडाचा आकडा आला. भाऊजींची एकशे अठ्ठ्याण्णव. तिची एकशे पंच्याण्णव.

तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडे तेच. भाऊजींची लेन्स अंधारी झालेली नव्हती. होती तशीच होती. तिची लेन्सच उजळून भाऊजींच्या लेन्सजवळ आली होती, केसभर मागे राहून. एका क्लिकचा फरक कुठल्या कुठे गेला होता, आणि जो उरला होता तो डोळ्यांना कळलाही नसता.

कुणाचाही जीव इथं भांड्यात पडला असता. तिचा नाही पडला. एकदा संशयाला घरात जागा दिली की तो पुराव्यानं जात नाही, खोली बदलतो. भाऊजींच्या लेन्समध्ये तिची काच नव्हती, ठीक. मग ती गेली कुठे? काढून कुठल्या कपाटात ठेवली? आणि हिच्यात बसवली ती तिसरीच, कुणाची? तिनं आपली लेन्स उतरवली, कॅमेरा उघडा नको म्हणून भाऊजींची परत चढवली, आणि आपली दिव्यासमोर धरून पुढून डोळा लावला. आतून स्वच्छ, पाण्यासारखा उजेड आला. तिला तो उजेड आवडला नाही.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दार उघडलं तर भाऊजी. "इकडूनच चाललो होतो," ते चप्पल काढत म्हणाले. "म्हटलं, उद्या पक्ष्यांचे फोटो काढायला जायचंय, तुमचं काम झालं असेल तर लेन्स नेतो." आणि तिला काही सुचायच्या आत ते सवयीनं आतल्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचले.

ते उंबऱ्यातच थांबले. पडदे ओढलेले, भिंतीवर कागद, दिव्याची मान वाकवलेली, कॅमेऱ्यावर एक लेन्स, टेबलावर एक. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा खुलला.

"अरे वा! खेळ मांडलात?" ते म्हणाले, आणि खोलीत इकडेतिकडे पाहिलं. "जोडीला कोण आहे?"

"कुणी नाही."

"कुणी नाही?"

भाऊजींनी कागदाकडे पाहिलं, मग कम्प्युटरवरच्या दोन पांढऱ्या चौकोनांकडे, मग तिच्याकडे. खुललेला चेहरा मिटायला वेळ लागला नाही. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, परक्या घरात बसतात तसे.

"एकटीनं हा खेळ नसतात खेळत, वहिनी," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"माझी किती आली?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"एकशे अठ्ठ्याण्णव."

"आणि दादाची?"

"एकशे पंच्याण्णव."

"तीनचाच फरक? म्हणजे बऱ्यापैकी निघाला की."

"काय निघाला?"

"धूर."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कसला धूर?"

"दादाचा, आणखी कुणाचा." भाऊजींनी टेबलावरची तिची लेन्स उचलली आणि फोकसची रिंग सावकाश फिरवली. नळी पुढे सरकली, मागे आली. "ही बघा. पुढे गेली की हवा आत घेते, मागे आली की सोडते. भात्यासारखी. आणि हिच्या मागे तो बसलेला, दिवसाला दोन पाकिटं. सगळं आत जाऊन काचांवर बसलं होतं. चहाच्या फडक्यासारखा रंग आला होता काचांना."

"पण ती काचच तशी होती," ती म्हणाली. "जुन्या भट्टीची. हे स्वतः सांगायचे."

"हरणारा माणूस काहीतरी सांगणारच ना वहिनी." भाऊजी किंचित हसले. "पहिल्या वर्षी बरोबरी झाली होती. चहा कुणी करायचा यावरून आम्ही भांडलो, शेवटी आईनं केला. तुम्ही तेव्हा या घरात आला नव्हतात. मग दरवर्षी त्याची थोडीथोडी खाली येत गेली, आणि तुम्ही आलात तोवर एक क्लिक खाली आली होती."

ती पलंगावर बसली. म्हणजे तिनं ती लेन्स स्वच्छ अशी कधी पाहिलीच नव्हती. ज्याला ती काचेचा गुण समजत होती, तो त्या माणसाचा रोजचा श्वास होता.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"सांगणार होतो. उघडली आणि वास आला. त्याचाच, अगदी तो खोलीत असल्यासारखा." भाऊजी लेन्सकडे बघत बोलत होते. "आठपंधरा दिवस तशीच झाकून ठेवली, हात लावायचं धाडस होईना. तुमचे फोन यायचे, काय सांगणार? मग एक दिवस राग आला. ज्या धुरानं माणूस नेला, तो इथं ऐसपैस बसलाय. म्हटलं, काढायचाच. तुम्ही नाही का सगळं घर रंगवून घेतलंत? मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

हे खरं होतं. तिनं भिंती खरवडून घेतल्या होत्या, कारण त्या पिवळ्या पडल्या होत्या आणि प्रत्येक पिवळ्या डागाकडे बघून तिला दवाखान्यातली ती खोकल्याची रात्र आठवायची. पडदे, उश्या, त्याचा कोट, काहीही ठेवलं नाही तिनं. तो वास गेल्याशिवाय आपल्याला झोप लागणार नाही असं तिला वाटायचं. आणि तो गेला तेव्हा घरात कुणीच उरलं नाही. फक्त त्या एका नळीत तो राहिला होता आणि गेली तीन वर्षं ती त्याच्यातूनच सगळ्या जगाच्या चेहऱ्यांकडे बघत आली होती. आता रागवायचं तरी कुणावर? चोर नव्हता, चोरी नव्हती, आणि वस्तू तर गेली होती.

"तो कापूस?" तिनं विचारलं. "ज्यानं काचा पुसल्यात तो?"

भाऊजींना प्रश्न कळायला क्षणभर लागला. "टाकला," ते हळूच म्हणाले.

बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली खडखडत नेली.

"मागच्या दोन काचांची जोडी तेवढी राहिलीय," भाऊजी मग कामाच्या आवाजात म्हणाले. त्यांनाही कुठेतरी वळायचं होतं. "तिला धरून ठेवणारी आतली रिंग जाम बसलीय, माझ्या हत्यारानं हलेना. तीनचा फरक त्या दोन काचांचाच. मंगळवारी नवीन हत्यार येतंय, ही आज घेऊनच जातो. तेवढ्या पुसल्या की बरोबरी."

त्यांनी लेन्स खाली ठेवली नव्हती. नुसती तिच्याकडे पाहत होते, तिच्या होकारासाठी.

नको म्हणावं, तर भिंतीवर तो कागद अजून होता. त्यांनी तो पाहिला होता आणि त्याचा अर्थही त्यांना कळला होता. आता नको म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडावर सांगणं, की तुमच्या हातात ही वस्तू मी पुन्हा देणार नाही. बरं म्हणावं, तर मंगळवारनंतर काहीच उरणार नव्हतं. भाऊजी उरले होते. माणूस मोठा की दोन मळक्या काचा? तिनं डबा उघडला, मऊ फडकं काढलं, त्यांच्या हातातली लेन्स आपल्या हातात घेऊन त्यात गुंडाळली आणि परत त्यांच्यापुढे केली.

"न्या," ती म्हणाली.

भाऊजींनी ती धरली. पण तिची बोटं सुटायला जरा वेळ लागला.

त्यांनी तो वेळ पाहिला. लगेच ते उठले नाहीत. फडकं बाजूला करून त्यांनी लेन्सचं मागचं झाकण काढलं, तिरकी करून दिव्यासमोर धरली आणि मागच्या काचेला डोळा लावून बराच वेळ आत बघत राहिले. एक रिंग बघायला लागतो त्याहून नक्कीच जास्त वेळ.

"वहिनी."

"हं."

"ही रिंग नाही निघायची."

"मंगळवारी हत्यार येतंय म्हणालात ना?"

"येतंय. पण ते हिला नाही लागायचं. आत्ता नीट पाहिलं." त्यांनी झाकण लावलं, ते नीट बसलंय का ते दोनदा तपासलं. "काही काही रिंगा अशाच बसतात, जन्माच्या. जोर केला तर काच तडकेल. राहू दे तशीच."

त्यांनी लेन्स तिच्यासमोर टेबलावर ठेवली. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही. दिवा त्यांच्या मागे होता आणि त्याच्या उजेडात त्यांचे दोन्ही कान लालबुंद झालेले दिसत होते.

"बरं," ती म्हणाली.

भाऊजींनी घसा खाकरला आणि उठून कॅमेऱ्याजवळ गेले. "चला, आता मांडलंच आहे तर एकदा रीतसर होऊन जाऊ दे. दोघांनी." त्यांनी बटण दाबलं. तिनं त्यांची लेन्स काढून आपली लावली. त्यांनी पुन्हा दाबलं. मग दोघं कम्प्युटरपुढे वाकून उभे राहिले, आणि बाण कागदाच्या मध्यावर नेताना भाऊजींनी दादासारखंच उगाच नाटक करत थोडा वेळ काढला.

"एकशे अठ्ठ्याण्णव," त्यांनी वाचलं. "आणि तुमची... एकशे पंच्याण्णव. हरलात."

"हरले," ती म्हणाली आणि आत गेली.

तिनं आधण ठेवलं. साखरेचा डबा काढला. बाहेर पडदे बाजूला सारल्याचा आवाज आला, मग भाऊजींचा.

"वहिनी, साखर बेतानं हं!"

तोवर तिनं चौथा चमचा घातला होता.